नायकाचा उपदेश आणि खलनायकाचा गुन्हा

मुलांच्या गोष्टीला शेवटी तात्पर्य हवे, ही सवय आपल्याला इसापनीतीच्या पुस्तकांनी लावली आणि शाळेतल्या बोधकथांनी ती मुरवली. त्यामुळे कॉमिकवरून बेतलेल्या टीव्ही मालिकांचा विषय निघाला की आपण लगेच दोनच गोष्टी तपासू लागतो : नायक चांगले काय बोलला आणि मारामारी किती झाली. पहिले पुष्कळ आणि दुसरे थोडे असले की मालिका संस्कारक्षम, उलट असले की बिघडवणारी. ही तपासणी सोपी आहे, आणि सोपी असल्यामुळेच पालक, वाहिन्या, जाहिरातदार अशा सगळ्यांना ती सोयीची पडत आली. पण तिच्यातून गोष्टीतली नीती हाती लागत नाही. गोष्ट कोणत्या कृत्याला गुन्हा म्हणते, दोषाचे खापर कोणाच्या माथी फोडते आणि दोषी ठरलेल्याची बाजू ऐकून घेते की नाही, यावर तिची नीती ठरते. नायकाच्या तोंडी चार सद्वचने घालणे हे लेखनाच्या अखेरच्या खर्ड्यातही जमते. गुन्हा मात्र पहिल्याच पानावर निवडावा लागतो.

हे म्हणणे पारखण्यासाठी अमेरिकेतल्या सुपरमॅन आणि बॅटमॅन यांच्याइतके चांगले साहित्य दुसरे नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून वेताळ मराठीत वाचलेल्या पिढीला ही दोन नावे काहीशी परकी वाटतील, पण त्यांचा फायदा असा की तीच पात्रे अनेक दशके निरनिराळ्या हातांतून गेली. लेखक बदलले, माध्यम बदलले, पैसे देणारे बदलले. अंगरखा आणि नाव तेवढे राहिले. त्यामुळे प्रत्येक वेळी काय गाळले गेले आणि काय भरले गेले, ते शेजारी शेजारी ठेवून पाहता येते.

सुपरमॅन १९३८च्या जून महिन्याच्या ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला. जेरी सीगेल आणि जो शूस्टर या क्लीव्हलँडमधल्या दोन ज्यू तरुणांनी तो घडवला आणि त्याचे हक्क १३० डॉलरना विकून टाकले. महामंदीच्या छायेत वाढलेल्या या दोघांचा सुपरमॅन कोणाच्या मागे लागतो, ते पाहण्यासारखे आहे. पहिल्याच अंकात तो एका निरपराध स्त्रीची फाशी टाळण्यासाठी गव्हर्नरच्या घरात घुसतो, बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धडा शिकवतो आणि देशाला युरोपच्या युद्धात ओढू पाहणाऱ्या एका सिनेटरच्या आणि त्याच्या दलालाच्या मागावर वॉशिंग्टनला जातो. पुढच्या अंकात शस्त्रास्त्रांच्या एका कारखानदाराला तो त्याच्याच दारूगोळ्याने पेटलेल्या लढाईत सामान्य शिपाई म्हणून भरती व्हायला लावतो. तिसऱ्या अंकात धोकादायक खाण चालवणारा मालक आणि त्याचे पाहुणे खाणीतच अडकतात, आणि मजुरांच्या जिवाशी रोज काय खेळ चालतो ते मालकाला स्वतःच्या अंगावर घेऊन कळते. १९३९च्या जानेवारीच्या अंकात तर सुपरमॅन गलिच्छ वस्ती जमीनदोस्त करतो, म्हणजे सरकारला तिथे नवी घरे बांधून द्यावीच लागतील. या गोष्टींत चोर-दरोडेखोरही आहेत. पण ज्यांच्यावर लेखकाचा खरा रोख आहे ती माणसे प्रतिष्ठित आहेत, आणि त्यांतल्या काहींनी तर कायद्याच्या भाषेत गुन्हाही केलेला नाही.

टीव्हीवरची ‘अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ सुपरमॅन’ ही मालिका १९५२ ते १९५८ या काळात चालली. जॉर्ज रीव्ह्ज नायक होते आणि एकूण १०४ भाग झाले. सुपरमॅन सत्यासाठी, न्यायासाठी आणि अमेरिकी जीवनपद्धतीसाठी लढतो, असे सुरुवातीलाच घनगंभीर आवाजात सांगितले जाई. म्हणजे नीतीचा उच्चार कॉमिकपेक्षा टीव्हीवर कितीतरी ठसठशीत झाला. रॉबर्ट मॅक्सवेल यांनी निर्मिलेले पहिले वर्ष अजून धारदार होते. त्या वर्षाच्या शेवटच्या दोन भागांत जगातली सर्वांत खोल तेलविहीर खणली जाते, भूगर्भातून काही ठेंगणे जीव वर येतात आणि घाबरलेले गाव बंदुका घेऊन त्यांच्या जिवावर उठते. सुपरमॅन उभा राहतो तो त्या परक्यांच्या बाजूने, गावाच्या विरोधात. जमावाच्या हातातली शस्त्रे तो काढून घेतो. १९५१मध्ये स्वतंत्र चित्रपट म्हणून आलेली ही कथा मालिकेतली सर्वांत नीतिमान कथा आहे, असे माझे मत आहे. आणि तिच्यात दोषी कोण, तर घाबरलेले शेजारीपाजारी. दुसऱ्या वर्षापासून निर्मिती व्हिटनी एल्सवर्थ यांच्याकडे गेली. मालिका सौम्य झाली, पुढे रंगीत झाली, विनोदी झाली. आता सुपरमॅनसमोर येऊ लागले ते प्रामुख्याने भुरटे टोळीवाले, खंडणीखोर आणि अजब यंत्रे घेऊन फिरणारे भामटे. कारखानदार, खाणमालक, सिनेटर नाहीसे झाले. नायक पूर्वीइतकाच भला राहिला. भलेपणाला करायचे काम तेवढे लहान झाले.

असे का झाले याचे ठरावीक उत्तर प्रायोजकाकडे बोट दाखवते. मालिकेमागे केलॉग्ज ही न्याहारीचे पदार्थ विकणारी कंपनी होती, आणि खोकी विकणाऱ्याला वाद नको असतो. हे उत्तर पूर्ण खरे नाही. हीच केलॉग्ज सुपरमॅनच्या नभोवाणी मालिकेचीही प्रायोजक होती, निर्मितीही याच मॅक्सवेल यांच्याकडे होती, आणि १९४६ साली त्या मालिकेने कू क्लक्स क्लानशी सरळ झुंज घेतली होती. एका चिनी वंशाच्या मुलाला बेसबॉलच्या संघात घेतले म्हणून त्याच्या कुटुंबावर बुरखेधारी टोळी चालून येते, अशी ती सोळा भागांची कथा. मुलांच्या कार्यक्रमाने वंशद्वेष्ट्यांच्या संघटनेचे कर्मकांड उघड्यावर आणले आणि प्रायोजक पळून गेला नाही. तेव्हा पैसे देणारा तोच असताना फरक पडला तो काळामुळे. १९४६मध्ये फॅसिझमवरच्या विजयाची धुंदी अजून होती. १९५०मध्ये ‘रेड चॅनल्स’ या पुस्तिकेने नभोवाणी-टीव्हीतल्या १५१ जणांवर कम्युनिस्टधार्जिणेपणाचा शिक्का मारला आणि धनिकाला खलनायक करणारा लेखक त्या वातावरणात संशयास्पद ठरू लागला. १९५२मध्ये प्रसारकांची स्वतःची टीव्ही आचारसंहिता आली. १९५४मध्ये फ्रेडरिक वर्थॅम यांचे कॉमिकविरोधी पुस्तक आले, सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या आणि घाबरलेल्या प्रकाशकांनी स्वतःवरच कॉमिक्स कोड लादून घेतला. त्या कोडमध्ये रक्तपाताला आणि भयकथांना बंदी होती, हे सगळ्यांना माहीत असते. पोलीस, न्यायाधीश, सरकारी अधिकारी आणि प्रतिष्ठित संस्था यांच्याविषयी अनादर वाटेल असे काही दाखवू नये, हेही त्यात होते. पहिली बंदी मुलांच्या झोपेची काळजी घेते. दुसरी कोणाची घेते, ते सांगायला नको.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. जुना सुपरमॅन तरी कुठे नीतिमान होता? तो लोकांना उंचावरून लटकवून कबुलीजबाब घेई, मालमत्ता फोडी, कोर्टकचेरीची वाट पाहत नसे. जुना बॅटमॅन तर त्याच्याहून पुढचा. १९३९च्या त्याच्या पहिल्या कथेत गुन्हेगार आम्लाच्या टाकीत पडून मरतो आणि बॅटमॅनला त्यात वावगे वाटत नाही. १९४०मध्ये तो विमानातून मशीनगन चालवतो. शिवाय युद्धकाळातल्या या कॉमिकांनी जपानी माणसांची जी चित्रे काढली, ती आज मुलांच्या हातात देववत नाहीत. हे सगळे खरे आहे. बॅटमॅनने बंदूक वापरायची नाही आणि जीव घ्यायचा नाही, हा दंडक १९४०नंतर घालणारे संपादक हेच एल्सवर्थ होते, ज्यांनी पुढे टीव्हीचा सुपरमॅन सौम्य केला. आणि त्या दंडकाने बॅटमॅन कसदारच झाला. म्हणजे सौम्यपणा मुळातच वाईट, असे मी म्हणत नाही. पण साधनाचा विवेक आणि लक्ष्याची निवड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बॅटमॅनच्या हातातली बंदूक काढून घेतली तरी तो कोणाच्या मागे धावतो हा प्रश्न उरतोच. उलट मॅक्सवेल यांच्या पहिल्या वर्षातल्या एका भागात सुपरमॅनचे गुपित कळलेल्या दोन गुन्हेगारांना तो बर्फाळ शिखरावर ठेवून येतो आणि खाली उतरण्याच्या धडपडीत ती दोघे दरीत पडून मरतात. ज्या वर्षाने परक्यांच्या बाजूने उभे राहणारी ती उदार कथा दिली, त्याच वर्षातला हा निर्दय भाग. एल्सवर्थ यांनी निर्दयपणा काढला, पण तो काढताना धाडसही काढले. दोन्ही एकत्रच काढावे लागतात, हे गृहीतच चूक होते.

बॅटमॅनची एबीसी वाहिनीवरची मालिका १२ जानेवारी १९६६ रोजी सुरू झाली आणि १९६८च्या मार्चपर्यंत तिचे १२० भाग झाले. उपदेशाची एवढी रेलचेल दुसऱ्या कोणत्याही कॉमिकवरच्या मालिकेत नसेल. अ‍ॅडम वेस्ट यांचा बॅटमॅन आपल्या तरुण साथीदाराला, रॉबिनला, गाडीत सीटबेल्ट बांधायला सांगतो, अभ्यास करायला सांगतो. पहिल्याच भागात डिस्कोमध्ये जाऊन संत्र्याचा रस मागवतो आणि वयात न आलेल्या रॉबिनला बाहेर गाडीत बसवून ठेवतो. शिवाय ही जोडी पोलिसांनी रीतसर अधिकार दिलेली आहे, हे वारंवार सांगितले जाते. अंधारात वावरणारा एकांडा शिलेदार अशा रीतीने नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला आदर्श झाला. निर्माते विल्यम डोझियर यांना ही थट्टाच करायची होती : मुलांनी साहस म्हणून पाहावे आणि मोठ्यांनी हसावे. त्यामुळे इथे दुसरा आक्षेप उभा राहतो. जी मालिका स्वतःच्याच उपदेशाची टर उडवते, तिला नीतीच्या तराजूत कशाला घालायचे? शिवाय सीटबेल्टचा सल्ला काय वाईट होता? वाईट मुळीच नव्हता. अमेरिकेत नव्या मोटारींना सीटबेल्ट सक्तीचे झाले ते १९६८पासून, त्यामुळे बॅटमॅन या बाबतीत कायद्याच्या दोन वर्षे पुढे होता. पण पुन्हा गुन्ह्याकडे पाहा. बॅटमॅनच्या गॉथम शहरातले खलनायक हिरे पळवतात, बँका लुटतात, कोडी घालतात. त्यांच्यामुळे कोणी उपाशी राहत नाही, कोणाचे घर जात नाही. शहरात दुसरा कुठला अन्यायच नाही. अशा शहरात सदाचार म्हणजे शिस्त, एवढेच उरते.

याच मालिकेचा एक दोन-भागी अपवाद मात्र मला फार आवडतो. १९६६च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या त्या कथेत पेंग्विन हा खलनायक महापौरपदासाठी उभा राहतो. तो बँड, नाचणाऱ्या बाया आणि हस्तांदोलने यांच्या जोरावर लोकप्रिय होतो. त्याच्याविरुद्ध उभा केलेला बॅटमॅन सभांत मुद्द्यांवर बोलतो आणि मतदार कंटाळतात. इथे एकदाच मालिकेने दोषाचे टोक प्रेक्षकाकडे वळवले. इथेही बॅटमॅन उपदेश करतोच, पण त्या उपदेशाने निवडणूक जवळजवळ हातची जाते आणि हसता हसता पाहणाऱ्याला आपण कोणाला मत दिले असते याचा विचार करावा लागतो. निवडणुकीच्या हंगामात महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात हा भाग दाखवला तर भाषांतराची फारशी गरज पडू नये.

उघड उपदेश नेहमीच फसतो, असे यावरून कोणी समजू नये. १९६५च्या डिसेंबरात सीबीएस वाहिनीवर आलेल्या ‘अ चार्ली ब्राउन ख्रिसमस’मध्ये लिनस हा लहानगा रंगमंचावर उभा राहून बायबलमधला येशूजन्माचा उतारा सरळ म्हणून दाखवतो. चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या चित्रपट्टीवरचा हा पहिला टीव्ही कार्यक्रम. कोका-कोलाने त्याचे पैसे दिले होते आणि सणाचा बाजार झाला आहे ही त्याची तक्रार होती. वाहिनीच्या अधिकाऱ्यांना तो संथ वाटला. तरीही उतारा मनाला भिडतो, कारण तोपर्यंतच्या वीस मिनिटांत दोष नेमका दाखवून झालेला असतो : सजावटीच्या बक्षिसामागे लागलेला कुत्रा, भेटवस्तूंऐवजी रोख रक्कम मागणारी धाकटी बहीण, खुरटे झाड आणले म्हणून चार्लीवर हसणारी सगळी मित्रमंडळी. मूळ प्रसारणात कोका-कोलाचे नावही झळकत होते आणि ते पुढे काढून टाकले गेले, हा विरोधाभास कार्यक्रमाने पचवला.

१९७०च्या दशकात दबाव आणखी वाढला. बॉस्टनजवळ १९६८ साली पेगी चॅरन यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या ‘अ‍ॅक्शन फॉर चिल्ड्रन्स टेलिव्हिजन’सारख्या पालकसंघटनांमुळे मुलांच्या कार्यक्रमांत ठोसा मारणेही अवघड झाले. १९७३च्या ‘सुपर फ्रेंड्स’ मालिकेत सुपरमॅन, बॅटमॅन, वंडर वुमन आणि अ‍ॅक्वामॅन एकत्र आले, पण लढायला कोणी उरले नाही. यातून जे निघाले ते मात्र अभ्यासण्याजोगे आहे. मारता येत नाही म्हटल्यावर लेखकांनी खलनायकाचीच व्याख्या बदलली. पहिल्या वर्षातले बरेच ‘खलनायक’ हे वाट चुकलेले सज्जन आहेत : माणसाची सगळी कामे यंत्रावर सोपवून जग आळशी करून टाकणारे प्राध्यापक गुडफेलो यांच्यासारखे. त्यांना पकडायचे नसते, समजवायचे असते. कल्पना उत्तम होती, कथा मात्र बेचव झाल्या. कारण समजूत पटवायला काही मोल द्यावे लागत नाही आणि समोरच्याच्या चुकीमागे कोणाचा स्वार्थही नसतो. तरी बंदीतून एक नवा प्रश्न जन्माला आला, हे श्रेय तिला द्यायला हवे : दोषी माणसाला कारण असू शकते का?

त्याचे उत्तर मिळायला १९९२ उजाडले, आणि ते एका दुय्यम खलनायकाकडून मिळाले. मिस्टर फ्रीझ १९५९च्या कॉमिकमध्ये मिस्टर झिरो या नावाने आला; बर्फाची बंदूक असलेला चोर, याहून त्याच्यात काही नव्हते. फ्रीझ हे नाव १९६६च्या टीव्ही मालिकेने दिले आणि बॅटमॅनच्या हातून झालेल्या अपघातामुळे त्याची ही दशा झाली, असे कारणही जोडले. मग ७ सप्टेंबर १९९२ रोजी ‘बॅटमॅन : द अ‍ॅनिमेटेड सिरीज’चा ‘हार्ट ऑफ आइस’ हा भाग आला. पॉल डिनी यांचे लेखन, ब्रूस टिम यांचे दिग्दर्शन. इथे फ्रीझ हा आजारी पत्नीला, नोराला, वाचवण्यासाठी प्रयोग करणारा शास्त्रज्ञ आहे. कंपनीचा प्रमुख फेरिस बॉइल खर्च परवडत नाही म्हणून तो प्रयोग मध्येच बंद पाडतो आणि त्या झटापटीत शास्त्रज्ञाच्या शरीराचे वाटोळे होते. हाच बॉइल मानवतावादी कार्याबद्दल पुरस्कार घ्यायला उभा असतो. बावीस मिनिटांच्या या भागात उपदेशाचे वाक्य शोधूनही सापडायचे नाही, आणि १९३८च्या खाणमालकानंतर, मधली पन्नासेक वर्षे ओलांडून, खुर्चीत बसलेला माणूस पुन्हा दोषी ठरलेला दिसतो.

इथे तिसरा आक्षेप येतो आणि तो आजच्या पालकांचा आहे : खलनायकाला करुण भूतकाळ दिला की गुन्ह्याला माफी मिळते, मुलांना चांगले-वाईट कळेनासे होते. नंतरच्या कितीतरी मालिकांनी आणि चित्रपटांनी या युक्तीचा कंटाळा येईपर्यंत वापर केला, हे मान्य. पण मूळ भागाने माफी दिलेली नाही. फ्रीझ सूडाच्या भरात निरपराधांचा बळी द्यायला तयार असतो आणि बॅटमॅन त्याला थांबवतो. फरक इतकाच की थांबवण्यापूर्वी त्याने सत्य शोधलेले असते आणि थांबवल्यानंतर ते दडपलेले नसते; बॉइलच्या कृत्याचे चित्रण तो वार्ताहर स्त्रीच्या हाती देतो. एका गुन्ह्याने दुसरा झाकायचा नाही, हे दहा वर्षांच्या मुलाला कळते. किंबहुना वर्गात एकाने खोडी काढली आणि मार दुसऱ्याने खाल्ला, याचा अनुभव मुलांना आपल्याहून ताजा असतो. त्याच वर्षी फॉक्स वाहिनीवर सुरू झालेल्या ‘एक्स-मेन’ने आणखी एक पाऊल टाकले. तिथे वेगळेपणाने जन्मलेल्यांची सरकारी नोंदणी हा मूळ अन्याय आहे. बीस्ट हा नायक त्या नोंदी नष्ट करताना पकडला जातो, त्याला जामीन नाकारला जातो, आणि मॅग्नेटो हा खलनायक तुरुंगाची भिंत फोडून सोडवायला आला तरी तो पळून जायला नकार देतो. अन्याय्य कायदा मोडायचा आणि शिक्षा टाळायची नाही, ही भूमिका आपल्याकडच्या वाचकाला समजावून सांगावी लागू नये. शनिवारी सकाळच्या व्यंगपटात ती मांडता आली, तेव्हा मुलांच्या टीव्हीला हे विषय पेलत नाहीत हा बचाव निकालात निघाला.

पुढची प्रकरणे वाचताना वाचकाने माझा निष्कर्ष मान्य करावा, असा आग्रह नाही. मालिका पाहाव्यात, आणि शक्य असेल तिथे मूळ कॉमिक शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढी विनंती आहे. निदान ‘हार्ट ऑफ आइस’ जरूर पाहावा. त्याच्या लेखनाला एमी पुरस्कार मिळाला आणि नोराची कथा पुढे कॉमिकनेही आपलीशी केली, म्हणजे या एका बाबतीत उसनवारी उलट दिशेने झाली. मात्र त्याचा शेवट नीट पाहावा. बॉइल उघडा पडतो, पण त्याच्या हातांत बेड्या पडताना दिसत नाहीत. कोठडीत बसतो तो फ्रीझ. १९३८चा सुपरमॅन एवढ्यावर थांबला नसता.